दूरदेशीं गेलेल्या घराण्याचा माग



एखादें कुटुंब देश सोडून समुद्रापलीकडे गेलें, तर दोन-तीन पिढ्यांनंतर त्याचें मूळ गांव कसें शोधावयाचें? स्कॉटलंडमधून अमेरिकेंत गेलेल्या घराण्यांच्या वंशजांपुढें हा प्रश्न नेहमींच उभा राहतो. अमेरिकेच्या बंदरांत १८२० पासून उतारूंच्या याद्या सरकारांत जमा होऊं लागल्या. १८५० च्या खानेसुमारींत बायकामुलांचींही नांवें व जन्मस्थानें आलीं. परंतु त्या रकान्यांत बहुधा 'स्कॉटलंड' एवढाच शब्द असतो. देश कळतो, गांव कळत नाहीं.

येथें उपयोगी पडतें तें आईचें माहेरचें आडनांव. स्कॉटलंडच्या दप्तरांत लग्नानें तें पुसलें जात नसे. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत बापाच्या नांवाजवळ तें लिहिण्याची बहुतेक ठिकाणीं चाल होती. शिवाय थोरल्या मुलास पितामहाचें व दुसऱ्यास मातामहाचें नांव ठेवण्याचा प्रघात होता.

पोलादाचे प्रसिद्ध कारखानदार अँड्र्यू कार्नेगी यांचेंच घर पाहा. त्यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८३५ रोजीं डनफर्मलिन येथें झाला. वडील विल्यम हातमागावर विणीत. वाफेच्या यंत्रमागांनीं तो धंदा बसला, आणि १८४८ सालीं कुटुंब पेन्सिल्व्हेनियांतील ॲलेगेनी येथें गेलें. आई मार्गारेट ही माहेरची मॉरिसन. थोरल्या अँड्र्यूस बापाच्या बापाचें नांव मिळालें. १८४३ सालीं जन्मलेल्या टॉमस मॉरिसन यास आईच्या बापाचें. दोन मुलांच्या नांवांत दोन्ही आजे उभे आहेत! एकट्या विल्यम कार्नेगीचा शोध केल्यास त्या नांवाचे अनेक गृहस्थ भेटण्याचा संभव. पण जोडीला मार्गारेट मॉरिसन हें नांव असलें, म्हणजे घर नेमकें ओळखूं येतें. मात्र प्रघात हा कायदा नव्हे. नांवावरून केलेला तर्क दुसऱ्या नोंदीनें पडताळल्यावांचून वंशावळींत घालूं नये.

चर्चच्या या जुन्या वह्यांपैकीं सर्वांत जुनी, एरल गांवची, १५५३ पासूनची आहे. त्या लिहिणारा कारकून पुष्कळदां गांवचा शाळामास्तरच असे. मीही तीस वर्षें शाळेचीं रजिस्टरें लिहिलीं आहेत. घाईंत चुकलेलें एक अक्षर मुलाला जन्मभर कसें नडतें, हें मी पाहिलें आहे. म्हणून त्या अज्ञात मास्तरांविषयीं मला आदर वाटतो.

पण वह्या पूर्ण नाहींत. १७८३ ते १७९४ या काळांत प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता. कित्येक गरिबांनीं नोंदच केली नाहीं. १८४३ सालीं चर्चमध्यें फूट पडली व अनेक कुटुंबें जुन्या वहीबाहेर गेलीं. तेव्हां नोंद नाहीं, म्हणून माणूसच नव्हतें असें समजूं नये.

१ जानेवारी १८५५ पासून सरकारी नोंदणी सक्तीची झाली. त्या पहिल्या वर्षाच्या मृत्युनोंदींत मृताचे आईबाप, जोडीदार व सर्व मुलांचीं नांवें विचारलीं जात. काम फार वाढल्यानें पुढच्याच वर्षीं हे रकाने कमी करण्यांत आले. पण त्या एका वर्षांत मायदेशीं एखादी म्हातारी वारली असेल, तर समुद्रापलीकडे गेलेल्या तिच्या मुलाचें नांव त्या नोंदींत सांपडूं शकतें.

गेलेल्याचा पत्ता असा मागें राहिलेल्यांपाशीं असतो. म्हणून शोध करणारानें केवळ आपल्या पूर्वजाचाच नव्हे, तर त्याच्या आईचा, बहिणीचा व भावाचाही कागद पाहावा.