ऊस, स्पिरिट आणि सिस्टरचे हात
मांजरा नदीचा उगम बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात. तरीही दुष्काळी उन्हाळ्यात इथल्या गावांचे डोळे टँकरच्या वाटेकडे लागतात. अशा मुलखात दवाखान्याच्या नळाला पाणी नसणं ही नुसती गैरसोय नसते. औषधांना दाद न देणारे जंतू या खाटेवरून त्या खाटेवर जातात ते बहुतेकदा माणसांच्या न धुतलेल्या हातांवरून.

सिस्टर एका रुग्णाची लघवीची पिशवी रिकामी करते, तेवढ्यात शेजारच्याची सलाईन संपते. ती वळून सुई सारखी करते. क्लेब्सिएला नावाच्या जंतूला एवढी संधी पुरते. पहिल्याच्या आतड्यात तो निमूट राहत असतो. दुसऱ्याच्या रक्तात शिरला की जिवावर बेततं.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये कार्बापेनेम या राखीव ठेवलेल्या प्रतिजैविकांना न जुमानणारे २४ जंतू तपासले. त्यांतल्या २२ मध्ये एनडीएम-१ हे या औषधांना निकामी करणारं जनुक सापडलं. असं जनुक एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो, म्हणून धोका मोठा. नवी औषधं येतील तेव्हा येतील; प्रसार मात्र आजही रोखता येतो.

जिनिव्हात डॉ. दिदिए पिते यांनी ते दाखवून दिलं. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात त्यांनी अल्कोहोलचं हँडरब थेट खाटेपाशी आणलं. १९९४ मध्ये हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ टक्के होतं, १९९७ मध्ये ते ६६ टक्के झालं. रुग्णालयात होणारा संसर्ग १९९८ पर्यंत १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आला. साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद लागतात, हँडरबला २० ते ३०. आणि पाणी लागत नाही! हात मळलेले किंवा रक्ताने माखलेले असतील तर मात्र साबणाला पर्याय नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हँडरबच्या एका कृतीत ८० टक्के इथेनॉल, थोडं ग्लिसरॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, बाकी पाणी, एवढंच असतं. इथेनॉल येतं उसाच्या मळीतून, आणि तो ऊस तोडायला पाटोद्यातली कुटुंबं दरवर्षी कोयता घेऊन घर सोडतात. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या धास्तीने साखर कारखान्यांना सॅनिटायझर बनवण्याचे परवाने मिळाले होते. ती तत्परता साथीपुरतीच का असावी?

हँडरबची बाटली प्रत्येक खाटेला हवी, आणि ती नातेवाइकांसाठीही हवी. आपल्याकडे रुग्णाला कुशीवर वळवणं, भांडं देणं, तोंड पुसणं हे सारं आई किंवा सूनच करते. तिला हात कधी चोळायचे हे कुणी सांगत नाही. सांगितलं तर ती ते मनापासून करेल.

शिवाय पाटोद्याचा रुग्ण बीडला, तिथून अहिल्यानगरला किंवा छत्रपती संभाजीनगरला जातो आणि बरा होऊन, पण कधी जंतू सोबत घेऊनच, गावी परततो. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर कल्चरचा, म्हणजे जंतूंच्या तपासणीचा, निकाल ठळक लिहिलेला असेल, तर पुढच्या वेळी तालुक्याच्या डॉक्टरांना त्याला कुठली खाट द्यायची आणि कुठलं औषध टाळायचं, हे पहिल्याच तासात ठरवता येईल.