समाक्ष केबलची क्रिंपिंग पक्कड

क्रिंपिंग पक्कड हे समाक्ष केबलच्या टोकावर धातूचा कनेक्टर दाबून बसवण्याचे, हाताने चालवायचे अवजार होय. व्यवहारात याला क्रिंपिंग टूल किंवा क्रिंपर म्हणतात. केबल टीव्ही, डिश अँटेना, सीसीटीव्ही कॅमेरे आणि बिनतारी संदेशयंत्रणा यांच्या जोडणीत याचा वापर होतो. या पद्धतीत डाख दिला जात नाही. धातूला कायमचा आकार देणाऱ्या दाबानेच जोड पक्का होतो. जोडाचे यश त्यामुळे कारागिराच्या मनगटातील बळापेक्षा साच्याच्या अचूक मापावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

समाक्ष केबलमध्ये एकाच अक्षाभोवती थर असतात. मध्यभागी तांब्याची किंवा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची तार, तिच्याभोवती प्लास्टिकचा विद्युतरोधक थर, त्यावर बारीक तारांची जाळी (बहुधा ॲल्युमिनियमच्या वर्खासह) आणि सर्वांत बाहेर प्लास्टिकचे आवरण. ब्रिटिश वैज्ञानिक ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० मध्ये अशा केबलचे एकस्व घेतले.

संदेश मधली तार आणि जाळी यांच्या दरम्यानच्या थरातून प्रवास करतो. या दोहोंतील अंतरावर केबलचा संरोध ठरतो. टीव्हीसाठीच्या आरजी-६ व आरजी-५९ केबलचा संरोध ७५ ओहम, तर बिनतारी यंत्रांसाठीच्या आरजी-५८ केबलचा ५० ओहम असतो. जोडाच्या जागी केबल चेपली गेली तर हे अंतर बदलते आणि संदेशाचा काही भाग उलट परततो. जाळीची पकड सैल राहिली तर बाहेरचा गोंगाट आत शिरतो.

रचना व प्रकार

पकडीत दोन मुठी, त्यांना जोडणारे बिजागर, दाब देणारा साचा आणि रॅचेट हे भाग असतात. साचा षट्कोनी असून त्याला कारागीर डाय म्हणतात. रॅचेट ही दात्यांची अडसर-रचना आहे. मूठ पूर्ण दाबली गेल्याशिवाय ती पक्कड उघडू देत नाही. त्यामुळे थकलेला हात आणि ताजा हात या दोहोंकडून सारखाच दाब मिळतो. मध्येच अडकलेली पक्कड सोडवण्यासाठी लहान खटका असतो.

साच्याचे माप कनेक्टरनुसार बदलते. आरजी-५८ केबलच्या बीएनसी कनेक्टरची बाहेरील नळी साधारणतः ५.४ मिलिमीटरच्या, आरजी-५९ ची ६.५ मिलिमीटरच्या आणि आरजी-६ च्या एफ कनेक्टरची नळी ८.२ मिलिमीटरच्या साच्यात दाबतात. बीएनसीच्या मधल्या पिनसाठी सुमारे १.७ मिलिमीटरचा वेगळा साचा लागतो. अंतिम माप मात्र कनेक्टर बनवणाऱ्याच्या सूचनेतूनच घ्यावे.

अलीकडे एफ कनेक्टरसाठी कॉम्प्रेशन पक्कड अधिक वापरली जाते. ती कनेक्टरला बाजूंनी न चेपता लांबीच्या दिशेने दाबते. दोन्ही प्रकारांचे कनेक्टर वेगळे असतात आणि एकाचा कनेक्टर दुसऱ्या पकडीत बसवता येत नाही.

वापराची पद्धत

एफ कनेक्टर बसवताना प्रथम केबलचे टोक काटकोनात कापतात. सोलणीच्या साहाय्याने मधली तार सुमारे ६ मिलिमीटर आणि त्यामागे जाळी तितकीच उघडी करतात. या कनेक्टरमध्ये केबलची मधली तारच पिनचे काम करते. तिच्यावर पात्याचा ओरखडा उठल्यास तांब्याचा मुलामा जाऊन आतील पोलाद गंजते. जाळी आवरणावर उलटी दुमडून कनेक्टर घट्ट सरकवतात. आतील पांढरा विद्युतरोधक थर कनेक्टरच्या तळाशी समपातळीत दिसला पाहिजे. त्यानंतर पक्कड एकदाच, रॅचेट आपोआप सुटेपर्यंत, दाबतात.

जाळीची एकही तार मधल्या तारेला लागता कामा नये. दोन्ही टोके मोकळी ठेवून मल्टिमीटरने हे तपासता येते. कनेक्टर हाताने ओढून पाहावा. तो हलल्यास पुन्हा न दाबता कापून टाकावा आणि नवा बसवावा.

मराठवाड्यातील वापर

केबल टीव्हीचे डिजिटलीकरण भारतात २०११ च्या कायदादुरुस्तीनंतर टप्प्याटप्प्याने झाले. नांदेड व लातूर ही शहरे तिसऱ्या टप्प्यात आली. या टप्प्याची मूळ मुदत ३० सप्टेंबर २०१४ होती. ती पुढे ३१ जानेवारी २०१७ पर्यंत वाढवण्यात आली. ग्रामीण भाग चौथ्या टप्प्यात होता.

या बदलाने जोडाच्या गुणवत्तेचे महत्त्व वाढले. ॲनालॉग प्रक्षेपणात सदोष जोडामुळे पडद्यावर मुंग्या दिसत आणि दोषाची सूचना आधीच मिळे. डिजिटल चित्र मात्र संदेश एका मर्यादेपर्यंत क्षीण होईतो स्वच्छ दिसते आणि मग एकाएकी चौकटींत फुटते किंवा नाहीसे होते. चित्र चांगले दिसते म्हणून जोडही चांगला आहे, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

मराठवाड्यातील कडक उन्हाळ्यात गच्चीवरील केबलचे आवरण प्रसरण पावते व कालांतराने तडकते. पुढे पावसाचे पाणी सैल जोडातून जाळीत झिरपते. म्हणून उघड्यावरील जोडावर जलरोधक कनेक्टर वापरतात आणि जोडाआधी केबलला खाली झुकणारा वळसा देतात. पाणी त्या वळशावरून गळून जाते.

लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनास साहाय्य केले. अशा तातडीच्या केंद्रांत अँटेनाचा जोड नीट नसेल तर उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते.

निगा

काम संपल्यावर साच्यातील धातूचा कीस व धूळ मऊ ब्रशने काढावी. बिजागर व रॅचेट यांना हलक्या तेलाचा एखादा थेंब पुरतो. साच्याच्या आतील पृष्ठभागावर तेल राहू देऊ नये. ते कनेक्टरला लागते आणि त्यावर धूळ चिकटते. पकडीने खिळे ठोकणे, पोलादी तार कापणे किंवा मुठीला नळी लावून जोर वाढवणे टाळावे.

झिजलेल्या पकडीतून निघालेला जोड वरून निर्दोष दिसू शकतो. म्हणून ठरावीक काळाने एक नमुना जोड करून षट्कोनाच्या समोरासमोरील बाजूंमधील अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजावे. ते वाढलेले आढळल्यास रॅचेटजवळील चाकाने दाब वाढवतात. तरीही माप जुळत नसल्यास साचा बदलावा. पक्कड कोरड्या पेटीत ठेवावी.

सुरक्षितता

ॲम्प्लिफायरला वीज पुरवण्यासाठी काही मुख्य केबलमधून विद्युतप्रवाह सोडलेला असतो. विजेच्या तारेचा स्पर्श झाल्यास बाहेरील जाळीतही प्रवाह उतरू शकतो. म्हणून केबल कापण्यापूर्वी मधली तार व जाळी दोन्ही तपासून घेणे आवश्यक आहे. वीज कडाडत असताना गच्चीवरील किंवा खांबावरील काम करू नये.