स्टेट बँकेच्या १०० रुपयांच्या कमाईत आपला वाटा कुठे? समजून घ्या हिशेब

आष्टी (शहीद) : बँकेला हजारो कोटींचा नफा झाल्याची बातमी मोबाईलवर येते आणि पारावर प्रश्न निघतो, ‘एवढा पैसा येतो तरी कुठून?’ देशातल्या सर्वांत मोठ्या स्टेट बँकेचाच हिशेब पाहू.

२०२४-२५ मध्ये तिचे एकूण उत्पन्न सुमारे ५ लाख २४ हजार कोटी रुपये होते. ठेवीदारांचे व्याज, पगार, बुडीत कर्जाची तरतूद, कर असे सारे वजा जाता नफा उरला ७०,९०१ कोटी. उत्पन्नातल्या दर १०० रुपयांत साधारण ८८ रुपये व्याजाचे. उरलेले १२ शुल्क, कमिशन, रोख्यांच्या खरेदी-विक्रीतला फायदा वगैरेंचे.

हेच उत्पन्न बँकेला धंद्यानुसार वेगळे करूनही दाखवावे लागते. त्यात तीन मोठे कप्पे आहेत : ट्रेझरी, कॉर्पोरेट आणि रिटेल. कॉर्पोरेट म्हणजे मोठ्या कंपन्यांची कर्जे, ते सोपे आहे. रिटेल म्हटले की शहरातले गृहकर्ज आठवते. पण स्टेट बँक रिटेल शाखांमधला व्यवहार, अगदी एटीएमसुद्धा, याच कप्प्यात धरते. म्हणजे साहूरच्या संत्रा बागायतदाराचे बचत खाते आणि पुण्याच्या नोकरदाराचे गृहकर्ज शेजारी-शेजारी. सर्वांत मोठा कप्पाही हाच.

ट्रेझरी हा शब्द परका वाटतो, पण त्यातही पैसा आपलाच. ठेवीच्या दर १०० रुपयांमागे किमान १८ रुपये बँकेला मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावे लागतात. सरकार त्यावर व्याज देते, ते ट्रेझरीच्या नावे जमा होते. बचत खात्यावर मात्र जून २०२५ पासून स्टेट बँक वर्षाला अडीच टक्के व्याज देते. मधल्या फरकावरच बँक चालते. म्हणून महिनोन् महिने न लागणारी रक्कम बचत खात्यात पडू देण्यापेक्षा मुदत ठेवीत टाकलेली बरी.

आता त्या १२ रुपयांकडे या. दिसायला लहान, पण कोणत्याही बँकेच्या खातेदाराला चिमटा बसतो तो इथेच. स्टेट बँकेने बचत खात्यावरची किमान शिल्लकीची अट मार्च २०२० मध्येच काढली. सगळ्याच बँकांनी ती काढलेली नाही. विम्याचेही पाहा. २० रुपयांची सुरक्षा विमा आणि ४३६ रुपयांची जीवनज्योती या सरकारी योजना स्वस्त आहेत. त्यांचा हप्ता मे अखेरीस खात्यातून कटतो. लक्ष ठेवायचे ते कर्जासोबत गळ्यात पडणाऱ्या मोठ्या हप्त्याच्या पॉलिसीवर, कारण तिच्यावर बँकेला कमिशन असते. बँकेने विकलेली पॉलिसी घेतलीच पाहिजे, अशी सक्ती करता येत नाही.

पासबुकात न समजणारी कपात दिसली तर आधी शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी टोल-फ्री क्रमांक १४४४८.