कोलकाता विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग

कोलकाता विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर अध्यापन १९१६ च्या सुमारास राजाबाजारच्या विज्ञान महाविद्यालयात सुरू झाले. विद्यापीठाचे माजी कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी तेथे सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा या तरुणांना अध्यापक नेमले. दोघांनी आइन्स्टाइनचे सापेक्षतेवरील जर्मन निबंध इंग्रजीत आणले. विद्यापीठाने ते १९२० मध्ये छापले.

१९१७ मध्ये सी. व्ही. रामन विद्यापीठात पालित अध्यासनाचे प्राध्यापक झाले. त्यांचे बरेचसे संशोधन मात्र बउबाजारच्या भारतीय विज्ञान संवर्धन संस्थेत चाले. तेथील प्रयोगांत द्रवावर एकाच रंगाचा प्रकाश सोडला, की विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगासोबत किंचित वेगळ्या तरंगलांबीच्या मंद रेषा दिसत. हाच रामन परिणाम!

याच शोधासाठी १९३० मध्ये रामन यांना नोबेल मिळाले. शोधाचा दिवस, २८ फेब्रुवारी, भारतात राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो.