चिचुंद्री ते देवमासा : डीएनए दुरुस्तीचा मागोवा

१९७४ साली रोनाल्ड हार्ट आणि रिचर्ड सेटलो या अमेरिकी शास्त्रज्ञांनी सात सस्तन प्राण्यांच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. चिचुंद्री, छोटा उंदीर, मोठा उंदीर, हॅमस्टर, गाय, हत्ती आणि माणूस. त्या पेशींवर अतिनील किरण सोडून, बिघडलेला डीएनए कोण किती झपाट्याने दुरुस्त करतो हे त्यांना पाहायचे होते. पद्धत चिकाटीची होती. दुरुस्ती करताना पेशी डीएनएचा खराब तुकडा कापून टाकते आणि त्या जागी नवा भरते. म्हणून पेशींना किरणोत्सारी थायमिडीन द्यायचे, वर फोटोग्राफीचे इमल्शन चढवायचे आणि प्रत्येक केंद्रकावर उमटलेले काळे ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसायचे. ढोबळमानाने उत्तर सरळ आले : ज्याचे आयुष्य लांब, त्याची दुरुस्ती तगडी.

डीएनएला सतत डागडुजी लागते, हेच तोवर अनेकांच्या गावी नव्हते. हा रेणू भक्कम असणार, अशी सर्वसाधारण समजूत होती. स्वीडनचे टॉमस लिंडाल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस तिला सुरुंग लावला. ऊन नाही, विष नाही, नुसत्या पाण्यात आणि शरीराच्या उबेतही डीएनए झिजतो. प्रत्येक पेशीत रोज हजारो बिघाड होतात. मग आपण जगतो कसे? लिंडाल यांनी दुरुस्ती करणारी एन्झाइम शोधायला घेतली आणि त्यातले एक १९७४ मध्येच सापडले. पुढे २०१५ साली पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांच्यासह त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

दुरुस्ती थांबली तर काय होते, हे दुर्मीळ आजारांनी दाखवले. झिरोडर्मा पिगमेंटोसम झालेल्या मुलांना ऊन सोसत नाही, लहान वयातच त्वचेचा कर्करोग गाठतो. त्यांच्या पेशींना अतिनील किरणांनी झालेली हानी भरून काढता येत नाही, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवले. त्याच यंत्रणेच्या दुसऱ्या टोकाला दोष असला की कॉकेन सिंड्रोम होतो. त्यात कर्करोग होत नाही, पण मूल बालपणीच म्हातारे दिसू लागते. जर्मनीत ऑटो वर्नर यांनी १९०४ मध्ये चार भावंडांच्या अकाली वार्धक्याची नोंद केली होती. त्या आजारात विशीत केस पिकतात, तिशीत मोतीबिंदू होतो, पुढे मधुमेह आणि हृदयविकार. त्यामागचे जनुक १९९६ मध्ये सापडले. ते डीएनएचा पीळ उलगडणाऱ्या आणि दुरुस्तीत भाग घेणाऱ्या प्रथिनाचे निघाले.

सात प्राण्यांच्या आलेखाला मात्र पुढे मुरड पडली. २०१९ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातील व्हेरा गोर्बुनोव्हा आणि आंद्रेई सेलुआनोव्ह यांच्या गटाने कृंतकांच्या १८ जाती तपासल्या. अतिनील हानीची दुरुस्ती आयुष्याशी जुळेना. ती प्राण्याच्या वाट्याला किती ऊन येते यावर अवलंबून होती. आयुष्याशी जुळली ती डीएनएचे दोन्ही धागे तुटल्यावर होणारी दुरुस्ती. ‘सर्ट-६’ हे प्रथिन दीर्घायुषी जातींत अधिक कार्यक्षम आढळले.

२०२२ मध्ये केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटने उलट बाजूने हिशेब मांडला : दुरुस्तीतून निसटलेल्या चुका किती? १६ जातींच्या आतड्यांतील सूक्ष्म खळगे लेसरने कापून काढले. असा प्रत्येक खळगा एकाच मूळ पेशीपासून वाढलेला असतो, त्यामुळे तिच्यात साठलेली उत्परिवर्तने मोजता येतात. उंदरात वर्षाला सुमारे ८००, माणसात ४७. वीतभर नेकेड मोल रॅट आणि अजस्र जिराफ, दोघांचाही वेग शंभराच्या खाली, आणि दोघांचेही आयुष्य पंचवीसेक वर्षांचे. आयुष्याच्या अखेरीस साठलेला आकडा सगळ्यांत बराच जवळपास येतो.

तरीही उत्परिवर्तने म्हणजेच म्हातारपण, असे समीकरण बसत नाही. डीएनएची नक्कल तपासणाऱ्या पॉलिमरेजमध्ये जन्मजात दोष असलेल्या माणसांत उत्परिवर्तने भराभर साठतात आणि कर्करोगाचा धोका वाढतो, पण अकाली वार्धक्य दिसत नाही, असे २०२१ मध्ये आढळले. त्याच वर्षी सुमारे दोन लाख स्त्रियांच्या अभ्यासातून असे दिसले की, रजोनिवृत्ती कोणत्या वयात येते हे ठरवण्यात डीएनए दुरुस्तीच्या जनुकांचा मोठा हात आहे.

२०२५ मध्ये गोर्बुनोव्हा यांचा गट दोनशेहून अधिक वर्षे जगू शकणाऱ्या बोहेड देवमाशाकडे वळला. त्याच्या पेशींत ‘सीआयआरबीपी’ नावाचे प्रथिन मुबलक सापडले. ते माणसाच्या पेशींत वाढवले तेव्हा तुटलेले धागे अधिक नीट सांधले गेले. फळमाशीत घातले तेव्हा ती जास्त जगली.

आयुष्य वाढवणारे औषध यातून अजून निघालेले नाही. या संशोधनातून बाजारात आलेले नावाजलेले औषध नेमके उलट काम करते. २०१४ मध्ये मान्यता मिळालेले ओलापॅरिब, बीआरसीए जनुकात दोष असलेल्या बीजकोशाच्या कर्करोगात, ट्यूमरच्या पेशींची उरलीसुरली दुरुस्ती रोखून त्यांना मारते.