बीडची भाकरी, डावा हात आणि एक उसना चमचा

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त मधली अडखळ काढलीय.)

जेवता जेवता ऐकत असाल तर आधी एक सांगा, हाताने जेवताय की चमच्याने?

मी बरीच वर्षं चार लोकांत चमच्यानेच जेवायचो. मित्रांना वाटायचं, साहेब स्टाईल मारतोय. खरं कारण वेगळं होतं. मी डावखुरा आहे. लहानपणी शाळेत डबा खाताना एका बाईंनी माझ्या डाव्या हातावर पट्टी मारली होती. तेव्हापासून हाताने जेवायचं म्हटलं की मी आजूबाजूला बघायचो. चमचा हातात असला की कुणी काही बोलत नाही, म्हणून चमचा.

डिसेंबरच्या शेवटी रूममेटच्या गावी गेलो, बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यात. बालाघाटचे डोंगर, बाजूला काळ्या रानात उभी ज्वारी. घरी फक्त आजी आणि मित्राचा सात वर्षांचा पुतण्या. त्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेले. दिवाळीनंतर बीडमधून हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. नवराबायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात.

आजीनं ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, पिठलं, ठेचा, कांदा. मी हळूच विचारलं, "आजी, चमचा आहे का?" घरात चमचा नव्हता. आजीनं पोराला शेजारी पिटाळलं. तो धावत गेला आणि एक चमचा घेऊन आला, शर्टाला पुसत पुसत. त्या क्षणी मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! पाहुण्याला चमचा देता आला नाही म्हणून त्या माउलीचा चेहरा पडलेला, आणि लपवत होतो मी.

मग सांगून टाकलं. आजी हसली. "आमचा धाकटा दीर बी डावराच व्हता. पंगतीत त्याला डाव्या टोकाला बसवायचे. कोपर कुणाला लागत नव्हतं. खाय की लेकरा, गार व्हायलंय."

बघा, किती साधा उपाय! मांडीला मांडी लावून बसल्यावर डावखुऱ्याचं कोपर शेजारच्या उजव्या हाताला लागतं. डाव्या टोकाला बसलात की प्रश्न मिटला.

मग डावा हात वर्ज्य का?

कारण सगळ्यांना माहीत आहे. शौचानंतर धुवायला डावा हात वापरतात, म्हणून जेवायला उजवा. पाणी आणि साबण कमी असताना ही कामाची वाटणी शहाणपणाची होती. अरब देशांत, इथिओपियातही उजव्या हातानेच जेवतात. डावखुऱ्याचं हे उलटं असू शकतं, एवढंच कुणी लक्षात घेत नाही.

दुसरा नियम मला जास्त महत्त्वाचा वाटतो, उष्ट्या-खरकट्याचा. ज्या हाताने जेवताय त्या हाताने भाकरीच्या टोपल्याला, आमटीच्या पळीला, पाण्याच्या तांब्याला हात लावायचा नाही. म्हणजे एक हात जेवणाचा आणि दुसरा घेण्यादेण्याचा. हे पाळलंत तर कुठल्याही घरात निम्मी माणसं खूश.

आता मुख्य कौशल्य: भाकरी मोडायची कशी?

ज्वारीत ग्लूटेन नसतं, म्हणून भाकरी पोळीसारखी ताणली जात नाही, मोडते. मधल्या बोटांनी भाकरी दाबून धरा, अंगठा आणि तर्जनीने कडेचा तुकडा मोडा. एका हाताने पहिल्यांदा जमत नाही, दोन्ही हात लावले तरी कुणी फाशी देत नाही.

पिठलं घट्ट असतं. भाकरीचा वरचा पातळ पापुद्रा घ्या, त्यात पिठलं उचला, झाला चमचा. आमटीचं तंत्र वेगळं. भाकरी ताटात बारीक चुरायची, मधे आळं करायचं, त्यात आमटी ओतायची आणि मुरू द्यायची. मग बोटांच्या पेरांनी गोळा करायचं, अंगठ्याने तोंडात ढकलायचं. तळव्यापर्यंत आमटी आली म्हणजे तुम्ही घाई करताय. ठेच्याला भाकरीचं टोक नुसतं लावा, आणि नंतर डोळे चोळू नका! मिरचीचा तिखटपणा नुसत्या पाण्याने जात नाही. आधी बोटांना तेल चोळा, मग साबण लावा.

आजी म्हणाली, फडात तर ताटही नसतं. डाव्या तळव्यावर भाकरी, भाकरीवर ठेचा, उजव्या हाताने खायचं. तिथे डावा हातच ताट होतो. हे सांगताना ती पुतण्याकडे बघत होती. मी काही बोललो नाही.

पाणी जपून

बीड पर्जन्यछायेचा जिल्हा. इथे बेसिनचा नळ सोडून हात धुवायची सवय चालत नाही. तांब्यातून बारीक धार, साबण लावून 20 सेकंद चोळायचं, नखांसकट, मग पुन्हा धार. एक तांब्या पुरतो. सॅनिटायझरने मळ जात नाही, त्यामुळे तो साबणाच्या जागी नको.

पंगत

दुसऱ्या दिवशी दत्तजयंतीच्या सप्ताहाची सांगता होती. घराघरांतून भाकरी गोळा केलेल्या, आमटी मोठ्या काहिलीत. पुतण्यानं मला हात धरून डाव्या टोकाला बसवलं. जयघोष होईपर्यंत घासाला हात लावायचा नाही, हे त्यानंच कानात सांगितलं. नको असेल तर पत्रावळीवर आडवा हात धरायचा, टाकायचं काहीच नाही.

प्रसाद वाढणारे एक काका थांबले. "उजवा हात करा, पाहुणे." मी प्रसाद उजव्या हातात घेतला. मग भाकरी डाव्या हाताने चुरली. काकांनी बघितलं, काही न बोलता आमटी वाढली आणि पुढे गेले. सगळ्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. पण मी आजूबाजूला न बघता पोटभर जेवलो, बऱ्याच वर्षांनी.

संध्याकाळी रानात हुरडा. आगटीत भाजलेली गरम कणसं दोन्ही तळव्यांत चोळायची, फुंकर मारायची, दाणे तोंडात. तिथे डावा-उजवा विचारायला कुणाला वेळच नव्हता. पोरगं माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने चोळत होतं.

निघताना तो उसना चमचा मी स्वतः शेजारी परत देऊन आलो.

तुमच्यात कुणी डावखुरं असेल तर पंगतीतला तुमचा किस्सा व्हॉइस नोटवर पाठवा. आणि आज रात्री एक घास हाताने खाऊन बघा, हात धुऊन बरं का! भेटू पुढच्या भागात.