लिहिता येत नव्हतं, तरी गाणी उरली

मागच्या भागानंतर एकीने विचारलं, ‘बहिणाबाई चौधरी आपल्या अहिराणीतच लिहायच्या ना?’ प्रश्न छान आहे, पण त्यात दोन गोष्टी जराशा चुकतात.

एक म्हणजे त्यांची बोली लेवा गणबोली, जळगावकडची. आपल्या साक्रीच्या अहिराणीची ती शेजारीण म्हणा. ऐकताना आपली वाटते, पण आहे वेगळी. आणि दुसरं, त्या लिहायच्या नाहीत. त्यांना अक्षरओळखच नव्हती. त्या गाणी म्हणायच्या, जात्यावर, शेतात, चुलीपाशी.

जन्म १८८० चा, जळगावजवळच्या असोद्याचा. तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींच्या घरात आल्या. तिशीत वैधव्य आलं. पदरी तीन लेकरं, शेतीचं काम, माणसांनी भरलेलं खटलं. त्या दुःखाचंही त्यांनी गाणंच केलं, आणि त्यात स्वतःलाच धीर दिला. आम्हाला सगळ्यात नवल वाटतं ते त्यांच्या छापखान्यावरच्या गाण्याचं. वाचता न येणाऱ्या बाईने छपाईचं यंत्र पाहिलं आणि त्यावर गाणं रचलं!

आता मुद्द्याचं. ही गाणी आपल्यापर्यंत आली कशी? मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्याने आणि मावसभाऊ पितांबर चौधरींनी आईच्या तोंडून ऐकलेलं कागदावर उतरवलं. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. पुढे सोपानदेवांनी संकोचतच ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे हरखले, प्रस्तावना लिहिली, आणि १९५२ साली पुस्तक निघालं. आईने ते हातात घेतलेलं नाही. जे कुणी उतरवलं नाही, ते त्यांच्याबरोबरच गेलं.

२०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. धुळे जिल्हाही त्याच विद्यापीठात येतो, म्हणून साक्रीत शिकलेल्या आपल्या लेकींच्या पदवीवर ते नाव छापलेलं असतं.

आणि आपल्या घरचं काय? आखाजीला झोक्यावर म्हणायची गाणी, कानबाईच्या रात्रीची गाणी आजीला पाठ असतात. सुनेला त्यातली निम्मी येतात. नातीला चाल तेवढी ठाऊक. आमच्यातल्या एकीची आजी मागच्या पावसाळ्यात गेली. तिची आखाजीची गाणी लिहून घ्यायचं ‘उद्या करू’ म्हणत राहिलं, ते राहिलंच. पुण्याच्या गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आपल्याला तर नुसतं ओट्यावर बसायचंय.

तेव्हा असं करा. फोनवर गाणं रेकॉर्ड करा. आजी अडखळली तरी बंद करू नका, बऱ्याचदा पुढचं कडवं त्यानंतरच आठवतं. शब्द अहिराणीत आहेत तसेच राहू द्या, ‘शुद्ध’ करायला जाऊ नका. आणि आधी तिचं नाव, गाव विचारून घ्या. आजीची हरकत नसेल तर पुढच्या भागात ते इथे ऐकवू.